सूर्यास्तानंतर प्यारीबाई

पिंपळपेठेत सूर्य दोनदा मावळायचा. एकदा डोंगराआड, सगळ्या तालुक्याचा मावळायचा तसा. आणि त्याच्या थोडं आधी फतेचंद शेठच्या स्वयंपाकघरात. दिवस बुडायच्या आत ताटं उचलली गेली पाहिजेत, असा त्या जैन घराचा नेम. त्यानंतर अन्न नाही आणि सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. याला चौविहार म्हणतात. प्यारीबाई तो लग्न होऊन आल्यापासून पाळत होत्या आणि त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्यापुढच्या वेळेबद्दल. जेवण झालं, प्रतिक्रमणाचा संध्याकाळचा पाठ झाला, ओटा पुसून झाला, की समोर एक भलीमोठी संध्याकाळ उरायची. तिचं काय करायचं हे कुठल्याही महाराजसाहेबांनी व्याख्यानात सांगितलेलं नव्हतं.

थंडीत ही संध्याकाळ आणखीच लांबायची. खाली कापडाचं दुकान, वर घर. आठला शेठ शटर ओढून वर यायचे, पलंगावर बसून बातम्या लावायचे, आणि टीव्हीवरची माणसं एकमेकांवर ओरडायला लागली की त्यांना गाढ झोप लागायची. सून चेतना पोरांचा अभ्यास घेत आतल्या खोलीत. प्यारीबाई गॅलरीत उभ्या. खाली पेठ. पेठेत काय, तर दोन कुत्री, पानाची टपरी आणि टपरीला टेकलेले पुरुष. पुरुषांना काही काम नसे म्हणून ते बाहेर असत. बायकांना काही काम नसे म्हणून त्या घरात असत. ही व्यवस्था कुणी लावून दिली हे कुणालाच माहीत नव्हतं, पण सगळ्या गावात तेवढी एकच व्यवस्था न बिघडता चालू होती.

दिवसा मात्र पेठेत प्यारीबाईंची एक मैत्रीण असायची. बोरी बुद्रुकची साळुबाई. दुकानाच्या पायरीशेजारी गोणपाट अंथरून ती भाजी विकायची. ओळख तीस-एक वर्षांची. जैनांच्या तिथ्या साळुबाईला पंचांगवाल्यापेक्षा पक्क्या ठाऊक. ‘आज आठम हाय, आज शेठाणी पालेभाजीकडं ढुंकून बघायच्या न्हाईत,’ असं ती सकाळीच शेजारणीला सांगून ठेवायची. कांदा नाही, बटाटा नाही, लसूण नाही, मुळा नाही, गाजर नाही. ‘तुमच्यासारखी आनखी चार गिऱ्हाइकं मिळाली तर मी गवत इकाया बसंन,’ असं म्हणत ती प्यारीबाईंच्या पिशवीत वाटाण्याच्या दोन मुठी जास्तीच्या टाकायची.

पण एवढ्या वर्षांत त्या दोघी एकमेकींशेजारी बसल्या म्हणून नव्हत्या. एक बसलेली, एक उभी. गोष्ट रंगात आली की तिसरं कुणीतरी येऊन कोथिंबिरीचा भाव विचारणार. साळुबाईची धाकटी जाऊ भांडून माहेरी गेली ही हकिकत दिवाळीपासून चालू होती. जावेनं पिशवी भरली, एसटीत बसली, आणि एसटीत तिला कोण भेटलं म्हणता, इथपर्यंत आली आणि एका बाईंना वांगी हवी झाली. वांगी देऊन होईपर्यंत प्यारीबाईंना वरून हाक आली. त्यानंतर मार्गशीर्ष गेला, संक्रांत आली, पण जाऊ एसटीतच बसून होती.

संध्याकाळी साळुबाईची पाटी रिकामी व्हायची. ती मोकळी, प्यारीबाईही मोकळ्या. पण नेमकी तेव्हाच बोरीची शेवटची जीप सुटायची. रस्त्याला दोन्ही अंगांनी ऊस आणि उसात बिबट्या. अंधार पडल्यावर त्या वाटेनं एकट्यादुकट्यानं जायचं कुणी नाव काढत नसे, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. जीपवाला सुनील हा साळुबाईचा भाचाच. तो म्हणायचा, अंधारात पॅसेंजर नसतो म्हणून जीप नाही. पॅसेंजर म्हणायचे, जीप नसते म्हणून आम्ही नाही. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे काही बदलायचं कारण नव्हतं.

अशात नगरपंचायतीच्या दारावर नोटीस लागली. ‘मुख्य पेठ रात्रकालीन सांस्कृतिक व सामुदायिक पथ, प्रारूप आराखडा. सूचना व हरकती मागविण्यात येत आहेत.’ ‘सूचना’ हा शब्द लोकांनी वगळला, ‘हरकती’ ताबडतोब मनावर घेतला.

फतेचंद शेठ व्यापारी संघाचे अध्यक्ष. त्या दिवशी ताटावर बसल्याबसल्या त्यांनी विषय काढला. खिडकीतून ऊन भिंतीवर आलं होतं, म्हणजे जेवायला अजून वेळ होता.

“गावात नाइट लाइफ आणतायत,” शेठ म्हणाले.

“आणू द्या की.”

“म्हणजे काय असतं ते माहीत आहे का?”

“तुम्हाला माहीत आहे?”

शेठना माहीत नव्हतं. पण हरकत घ्यायला माहिती लागली असती तर निम्म्या गावाची तोंडं बंद राहिली असती. “आठनंतर पेठ बंद, हा संघाचा ठराव आहे,” ते म्हणाले. “मीच मांडलाय. आठनंतर एक मीटर कापड विकलं तर दंड. आणि रात्री बाहेर हिंडणं ही आपली संस्कृती नाही, असं मी लेखी देणार आहे.”

“द्या. आमटी घ्या, ऊन चाललं.”

दुसऱ्या दिवशी प्यारीबाईंनी हे खाली सांगितलं. साळुबाई गवारीच्या शेंगा सारख्या करत होती. तिनं मान वर केली नाही.

“जत्रंला रातभर हिंडतो, पालखीम्होरं नाचतो, नारायणगावचा तमाशा पाटंपत्तोर बघतो. तवा संस्कृती असती. येरवी कुनी पारावर बसलं की भानगड असती. शेठला म्हनावं, आमच्या आयुष्यात एकदा तर भानगड व्हऊ द्या.”

प्यारीबाई हसल्या. मग म्हणाल्या, “साळू, समजा एखाद्या दिवशी तू नऊपर्यंत इथं राहिलीस. समजा जीप मिळाली. आपण बसलो असतो ना गं?”

“बसलो असतो की.”

“नुसतं.”

“मंग काय, भाजी इकायची व्हय रातीला बी?”

तेवढ्यात कुणीतरी मेथी कितीला म्हणून विचारलं आणि ते ‘समजा’ तिथंच राहिलं.

सुनावणीला शेठ निघाले तेव्हा प्यारीबाई चपला घालून दारात तयार होत्या. “माझीही एक सूचना आहे,” त्या म्हणाल्या. सूचना घरात न सांगता थेट सरकारात नेण्याचा हा त्या घरातला पहिलाच प्रसंग. शेठनी छत्री शोधल्यासारखं केलं, थंडीचे दिवस आहेत हे आठवल्यावर ती परत ठेवली, आणि दोघं निघाले.

सभागृहात आराखडा समजावून सांगायला पुण्याहून सोनल नावाची एक मुलगी आली होती. नगररचना शिकलेली, बोलायला गोड, आणि गावाबद्दल तिला खरोखर आस्था होती. तिनं पडद्यावर चित्र दाखवलं. झाडांना दिव्यांच्या माळा, फुटपाथवर टेबलं, टेबलांशी उंच उंच माणसं हसत काहीतरी पीत आहेत. ही नक्की कुठली पेठ ते कुणाला ओळखू येईना. कोपऱ्यात महादेवाचा कळस दिसला तेव्हा लोकांची खात्री पटली, आणि मग हे उंच लोक कुणाकडे उतरले असावेत याची कुजबुज सुरू झाली.

“गाव रात्री जागं असलं की सुरक्षित असतं,” सोनल म्हणाली. “उजेड असला, माणसं असली, की बाकीची माणसं येतात. रात्र फक्त टपरीवरच्या लोकांची नसते. म्हणून इथं महिलांकडून मला समजून घ्यायचंय. किती महिला आल्यात?”

एक आल्या होत्या. सगळं सभागृह त्यांच्याकडे वळून बघू लागलं. शेठ छताच्या पंख्याकडे बघू लागले.

“आजी, रात्री पेठेत आलात तर तुम्हाला काय खायला आवडेल?” सोनलनं हातातला पेन सरसावला.

“काही नाही.”

“चाट, सँडविच, भेळ?”

“नाही.”

“बरं. मग काही प्यायला? चहा, मसाला दूध?”

“रात्री आम्हाला पाणीसुद्धा चालत नाही, बाई.”

सोनलचा पेन थांबला. आराखड्यात खाण्याचे चार प्रकार होते, पिण्याचे तीन होते, खरेदीचा एक होता. मुख्याधिकारीसाहेब मूळचे सज्जन, ते मदतीला धावले. “मग मावशी, रात्री बाहेर येऊन तुम्ही करणार काय?”

“बसणार,” प्यारीबाई म्हणाल्या.

सभागृहात हशा झाला. प्यारीबाई हसल्या नाहीत. त्यांना यात हसण्यासारखं दिसलं नव्हतं. त्या पुढे म्हणाल्या, “एक बाक पाहिजे, उजेडात. बायकांच्या मुतारीला सहाला कुलूप लागतं, ते लागायला नको. आणि बोरीची जीप नऊला पाहिजे. माझी मैत्रीण बोरीची आहे.”

हशा आपोआप कमी झाला. सोनलनं आपल्या नकाशाकडे पाहिलं. त्यावर दिवे होते, कुंड्या होत्या, सायकली लावायची जागा होती. जीप नव्हती. तिला हे कुठं लिहावं कळेना. शेवटी तिनं बोरीच्या दिशेला एक बाण काढला आणि त्यापुढे ‘मैत्रीण’ असं लिहिलं. मुख्याधिकाऱ्यांनी ते पाहिलं आणि हा कुठला तरी तांत्रिक शब्द असेल असं समजून मान डोलावली.

त्यानंतर शेठनी आपली हरकत वाचून दाखवली. ती जोरदार होती. परत येताना रस्त्यात ते एवढंच म्हणाले, “मला आधी सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर हरकत घेतली असती,” प्यारीबाई म्हणाल्या.

महिनाभर प्रयोग करून बघायचा असं ठरलं. लोक आले तर पथ कायम, नाही आले तर तिथं पार्किंग. पेठेत दिवे लागले. मुतारीचं कुलूप निघालं. म्हणजे किल्ली हरवली होती, तेव्हा ते तोडावं लागलं. फतेचंद शेठच्या दुकानासमोर स्टीलचे तीन बाक बसले. प्रत्येक बाकाच्या पाठीवर सौजन्य करणाऱ्या नगरसेवकाचं नाव उठावाच्या अक्षरांत होतं, टेकलं की ते पाठीत रुतायचं. सात-आठ गाड्या आल्या. त्यांत सावळेरामची मोमोची. हा सावळेराम पूर्वी येडगावच्या धरणावर मक्याची कणसं भाजायचा. मोमो म्हणजे काय ते त्यानं मोबाइलवर शिकून घेतलं होतं आणि तो त्यांना ‘उकडलेली करंजी’ म्हणून खपवायचा.

पहिल्या संध्याकाळी प्यारीबाई खाली उतरल्या आणि बाकावर बसल्या. सरळ बसल्या, कारण टेकायची सोय नव्हती. गार वारा होता. उजेडात पेठ वेगळीच दिसत होती. सोनाराच्या माडीला नक्षीचे कठडे आहेत हे त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच समजलं. टपरीवरचे पुरुष जरा सावरून उभे राहिले. एकानं सिगारेट मागं लपवली.

सावळेराम अदबीनं जवळ आला. “आजी, काय घेनार?”

“काही नाही, भाऊ.”

“जैन मोमो बनवतो ना. कांदा न्हाई, लसून न्हाई, बटाट्याच्या जागी कच्ची केळी.”

“रात्र झाली.”

सावळेरामनं आकाशाकडे पाहिलं. “कांदा काढला, लसून काढला, बटाटा काढला. आता रात कशी काढू त्यातनं?”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी सोनारीणबाई येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी मास्तरांची बहीण आणि चेतना. चेतनानं पोरांचा अभ्यास बाकावरच घेतला. बायकांची वस्ती वाढली. त्या सगळ्या जेवून आलेल्या असायच्या. कुणी काही विकत घेत नव्हतं. बाकावर जागा नाही म्हणून सावळेरामची गिऱ्हाइकं उभ्यानं खात, नाहीतर जातच. तो वाईट माणूस नव्हता, पण मोमो उरले की घरी पोरांना खायला लागत, आणि आता पोरंही त्याला बघितलं की दप्तर काढून अभ्यासाला बसत होती. गाडीवाल्यांनी मिळून साहेबांकडे अर्ज केला. साहेबांना सगळ्यांचंच म्हणणं पटायचं, तसं हेही पटलं.

तिकडे साळुबाईनं सुनीलला घोळात घेतलं होतं. शनिवारची शेवटची जीप नऊला सोडायचं त्यानं कबूल केलं, पण अट घालून. “मावशे, पयल्या शनवारी भरली तर ठीक. रिकामी गेली तर पुन्हा नाव काढायचं न्हाई. आन वाटंत कुनाला सोडनार न्हाई, दारात गाडी लावनार, दार उघडल्याबिगर कुनी उतरायचं न्हाई.”

“तू जीप पूस,” साळुबाई म्हणाली. “मानसं मी बघते.”

तिनं बोरीच्या वाटेवरच्या सगळ्या भाजीवाल्या बायका गोळा केल्या. नऊपर्यंत काय करायचं, असं त्यांनी विचारलं. बसायचं, असं तिनं सांगितलं. बायकांना आधी ते खरं वाटलं नाही.

शनिवार उजाडला. प्यारीबाईंनी जेवण नेहमीपेक्षा लवकर वाढलं. शेठ म्हणाले, “अजून ऊन आहे.” त्या म्हणाल्या, “ते असू दे.” प्रतिक्रमण आटोपून त्या खाली आल्या तेव्हा साळुबाई रिकाम्या पाट्यांचा ढीग करून, तोंड धुऊन, पदर नीट करून उभी होती. उभीच होती. तिच्या मागं पाचसहा बायका, त्याही उभ्या. सोनारीणबाई आणि मास्तरांची बहीणही एका बाजूला उभ्या.

बाकांना पाट्या लावल्या होत्या. ‘आसनव्यवस्था फक्त ग्राहकांसाठी. हुकुमावरून.’

“वाचता येतंय मला,” साळुबाई म्हणाली. “म्हनून तर बसले न्हाई.”

सावळेराम मान खाली घालून मोमोच्या भांड्यावरचं झाकण पुसत होता. झाकण स्वच्छ होतं. “आजी, माझ्यावर राग धरू नका,” तो म्हणाला. “साहेब रोज धंदा इचारत्यात. धंदा न्हाई झाला तर हितं पार्किंग व्हनार. मंग तुमाला बी बाक न्हाई आन मला बी गाडी न्हाई.”

हेही खरं होतं. प्यारीबाईंना त्याच्याशी भांडता येईना. माणशी एक प्लेट घ्यावी आणि बसावं, असं साळुबाईनं सुचवलं. पण विकत घेऊन टाकून द्यायचं हे प्यारीबाईंच्या स्वभावात नव्हतं आणि साळुबाईच्या तर नव्हतंच. प्यारीबाई बाकाच्या कडेला अर्धवट टेकल्या. सावळेराम दोन पावलं पुढं आला, थांबला, आणि फार हळू म्हणाला, “उठा ना, आजी.”

प्यारीबाई उठल्या.

बायका जीपकडे बघू लागल्या. सुनील पाठ करून मोबाइल बघत होता. घड्याळात आता कुठं सव्वाआठ झाले होते. “जाऊ द्या, शेठाणी,” साळुबाई म्हणाली. “मी सुनीलला म्हनते, आत्ताच सोड. बायका कवर उभ्या राहतील. दिवसभर उभंच असतो आपन.” आणि ती भाजीच्या पाट्या उचलायला वाकली. ही जीप आत्ता गेली की पुन्हा कुठला शनिवार येणार नव्हता, हे दोघींनाही कळत होतं.

वर गॅलरीत फतेचंद शेठ उभे होते. ठरावाचं उल्लंघन होतंय का हे बघायला ते रोज तिथं उभे राहत, आणि त्यासाठी बातम्यांवर त्यांनी पाणी सोडलं होतं. त्यांनी सगळं पाहिलं. बायको उठलेली पाहिली.

फतेचंद शेठनी पन्नास वर्षं कापड विकलं. दुकानात पांढरीशुभ्र गादी, तक्के, आणि आलेल्या माणसाला आधी ‘बसा’. मग पाणी, मग चहा, मग काय पाहिजे. बायका येत, तीस-चाळीस साड्या उलगडून बघत, सासूला, जावेला, शेजारणीला दाखवत, आणि ‘विचार करून सांगते’ म्हणून निघून जात. शेठनी घड्या घालाव्यात. दुपारच्या उन्हात एसटीची वाट बघणारी माणसं नुसती सावलीला येऊन बसत. एकदा एक म्हातारा तक्क्याला टेकून दोन तास झोपला आणि उठून शेजारच्या दुकानात धोतर घ्यायला गेला. शेठनी त्यालाही जाताना पुन्हा या म्हटलं. पण बसलेल्या माणसाला ‘उठा’ म्हणायचं, हे त्यांच्या वडिलांनी केलं नव्हतं आणि त्यांच्याही तोंडून कधी गेलं नव्हतं. हरकत, ठराव, संस्कृती या गोष्टी आपल्या जागी. हा धंद्याचा प्रश्न होता.

खाली शटर करकरलं. सगळी पेठ वळून बघू लागली. शटर निम्मं वर जाऊन अडलं, शेठनी गुडघ्यानं रेटा दिला, आणि ते पूर्ण वर गेलं. आत ट्यूबलाइट लुकलुकून लागल्या. गादीवरची चादर शेठनी दोन हातांनी झटकली.

“बसा,” ते म्हणाले.

कुणी हललं नाही.

“शेठ, आठ वाजून गेले,” समोरच्या भांड्यांच्या दुकानदारानं माडीवरून विचारलं. तो संघाचा चिटणीस होता. “ठरावाचं काय?”

“ठराव विक्रीचा आहे,” शेठ म्हणाले. “दुकान उघडं आहे. विक्री बंद आहे.” आणि बायकांकडे वळून पुन्हा, “बसा. पाणी कुणाला हवंय? मला चालत नाही, तुम्हाला चालतं.”

साळुबाई तीस वर्षं त्या पायरीशेजारी बसली होती, पायरी चढून आत कधी आली नव्हती. तिनं चपला काढल्या, पाय पदरानं पुसले. गादीच्या कडेला बसायला लागली तेव्हा शेठनी तक्का सरकवला आणि म्हणाले, “कडेला नाही. नीट.” मग ती नीट बसली. तिच्या शेजारी, मांडीला मांडी लावून, प्यारीबाई.

आता दोघींना बोलायचं काय सुचेना. इतकी वर्षं अर्धं बोलून सवय झालेली. मागून कुणी भाव विचारत नव्हतं. साळुबाईनं इकडंतिकडं पाहिलं, मग जवळच्या पिशवीतून वाटाण्याच्या शेंगा काढल्या आणि सोलायला घेतल्या. अर्ध्या प्यारीबाईंच्या पुढ्यात ढकलल्या. हात कामाला लागले तशी जाऊ एसटीतून उतरली.

“तर एसटीत तिला भेटला कोन? तिच्याच माह्यारचा मामा. त्यो म्हनला, तू कुठं निघाली? ती म्हनली, माह्यारी. त्यो म्हनला, अगं तुझी आई तर तुझ्याकडं निघालीय, भावजयीशी भांडून…”

बाकीच्या बायका सरकून जवळ आल्या. सोनारीणबाईंनी मास्तरांच्या बहिणीला हाताला धरून आत आणलं. चेतना पोरांना घेऊन आली. दुकान भरलं, मग ओटा भरला. टपरीवरचे पुरुष आधी लांबून, मग ओट्याच्या पायरीवर. माणसं बसलेली दिसली म्हणून आणखी माणसं आली, आणि बसलेल्यांना थोड्या वेळानं भूक लागली. सावळेरामच्या गाडीवर गर्दी झाली. तो स्वतः प्लेटा घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत येऊ लागला. आत कुणी खायचं नाही, कापडाला तेल लागतं, एवढी एकच सूचना शेठनी दिली.

साळुबाईची नजर फळीवर गेली. “शेठ, ते वरचं हिरवं लुगडं दावा.”

शेठचा हात सवयीनं वर गेला. लुगडं खाली आलं, गादीवर झुळकन उलगडलं, काठ समोर आला. साळुबाईनं पदरावर हात फिरवला. “लई भारी हाय. कितीला?”

शेठनी तोंड उघडलं. समोरच्या माडीवर चिटणीस कठड्यावर कोपरं टेकून बघत होता. पन्नास वर्षांत किंमत सांगायची असून गप्प बसण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

“दिवसा सांगतो,” ते म्हणाले.

“दिवसा मी भाजी इकते.”

“मग फक्त बघा. बघायला बंदी नाही.”

तेवढ्यात सोनल आणि मुख्याधिकारी पाहणीला आले. साहेबांनी रिकामे बाक बघितले, गच्च भरलेलं दुकान बघितलं, आणि उत्साहानं विचारलं, “वा. विक्री जोरात दिसते?”

“अजिबात नाही,” शेठ अभिमानानं म्हणाले.

साहेब गोंधळले. सोनल मात्र दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. तिला पडद्यावरचं चित्र आठवत असावं. ही माणसं तेवढी उंच नव्हती. मग तिनं चपला काढल्या आणि तीही आत येऊन बसली. साळुबाईनं न विचारता तिच्या पुढ्यात शेंगा टाकल्या. सावळेराम प्लेट घेऊन पायरीशी आला होता, त्यानं साहेबांना हळूच सांगितलं, “साहेब, ती पाटी काढली तरी चालंल. माझंच चुकलं जरा.” साहेबांना हेही पटलं.

नऊ वाजले. सुनीलनं हॉर्न दिला. कुणी उठेना, कारण जावेची आई आणि जाऊ एकमेकींना चुकवून एकमेकींच्या घरी पोचल्या होत्या आणि पुढचं ऐकायचं होतं. सुनील आत डोकावला.

“मावशे, चल ना. जीप भरलीय का न्हाई ते तरी कळू दे.”

“ही बघ, हीच तुझी जीप,” साळुबाईनं बसलेल्या बायकांकडे हात केला. “थांब जरा. तू बी बस.”

जीप गच्च भरून गेली. तीन बायकांना मांडीवर पाट्या घ्याव्या लागल्या. पुढच्या शनिवारी दोन फेऱ्या मारू का, असं सुनीलनं चालू गाडीतून विचारलं, उत्तर ऐकायला थांबला नाही. “हिरवं लुगडं ठिवून द्या,” असं साळुबाई आतून ओरडली. शेठनी मान डोलावली. ते लुगडं पुढं बरेच शनिवार उलगडलं गेलं आणि घडी घालून ठेवलं गेलं.

शेठ आणि प्यारीबाईंनी मिळून चादर झटकली. वाटाण्याची टरफलं निघाली. शेठनी ती हातानं गोळा केली.

“तक्के कमी पडले,” ते म्हणाले. “माळ्यावर दोन आहेत, उद्या काढतो.”

“आणि हरकत? मागं घेणार का?”

“हरकत कायम आहे,” शेठ शटर ओढता ओढता म्हणाले. “ती मी दिवसा घेतलीय.”

वर आल्यावर शेठनी टीव्ही लावला नाही, तरी त्यांना झोप लागली. प्यारीबाई स्वयंपाकघरात आल्या. पाण्याचा माठ कोपऱ्यात होता, त्यावर झाकण, झाकणावर पालथं फुलपात्र. सूर्य उगवून नवकारशीची, म्हणजे व्रत सोडायची, वेळ होईपर्यंत त्याला हात लावायचा नव्हता. लग्न झाल्यापासून त्यांनी हे व्रत पाळलं आणि कधी काही जड गेलं नाही. रात्री तहान लागावी असं काही घडतच नसे. आज बोलून बोलून घसा पार कोरडा पडला होता. त्या माठाकडे थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग दिवा मालवला आणि जावेच्या आईचं काय झालं ते आठवून अंधारात एकट्याच हसल्या. त्यानं घसा आणखीच कोरडा झाला.